खंड्याचे कप

पुतळीच्या घरात एकाच छापाच्या बेचाळीस कपबश्या होत्या, आणि त्यातल्या एकाही कपातून गावात कुणी कधी हसत चहा प्यायलं नव्हतं. असं का, ते सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. ज्याला घाई असेल त्यानं आत्ताच उठून जावं.

पेणजवळच्या जित्याच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून तिचं गाव. सगळी माणसं मिठागरात राबणारी. एकसष्ट साली पुतळी लग्न होऊन इथं आली तेव्हा तिच्या बापानं पेणच्या बाजारातून सहा कपबश्या आणून आंदणात दिल्या. पांढरीशुभ्र चिनी माती, काठाला सोनेरी रेघ, आणि लव्हाळ्याच्या काडीवर बसलेला निळा खंड्या, चोच खाली करून पाण्यात बघणारा. हा पक्षी तर खाडीवर उठल्याबसल्या दिसतो, त्याला कपावर कशाला बसवायचा, म्हणून सासरच्या बायका फिदीफिदी हसल्या. पण पुतळी त्या कपांवर भाळली ती भाळलीच. नवऱ्यावर भाळायला तिला पुढं दोन वर्षं लागली. तो पुंडलिक, बोलायला हळू, कामाला वाघ, आणि बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा.

तीन वर्षांत सहातले दोन कप फुटले. एक सासूनं फोडला, एक मांजरीनं. सासूला काही बोलता येईना, म्हणून पुतळीनं मांजरीला दोघींच्या वाटणीचं बोलून घेतलं आणि पेणला गेली. दुकानदार म्हणाला, "तो छाप बंद झाला, बाई. कारखान्यानं काढायचाच सोडला. गुलाबाचा घे की, छान आहे."

"गुलाब तुझ्या बायकोला दे," म्हणून ती पायऱ्या उतरली.

तिथून तिला वेड लागलं. दुसरा शब्दच नाही. ती डोक्यावर टोपली घेऊन खडे मीठ विकायची. पेण, नागोठणं, रोहा, मधली सगळी खेडी तिच्या पायाखालची. मीठवाली म्हणजे मागल्या दारानं थेट स्वयंपाकघरात. बाई मीठ मापून घेईस्तोवर हिचे डोळे फळीवर. खंड्या दिसला की झालं! एका कपाला पायलीभर मीठ, बाई अडून बसली तर वर मूठभर सुक्या कोळंबीचे सोडे. टवका उडालेला चालायचा, कान तुटलेला मात्र घ्यायची नाही. हमरापूरला एका घरी गणपतीचे रंग कालवायला दोन कप घेतलेले तिला दिसले, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाच्या कामाला लावलेत, हे तिच्या गावी नव्हतं. ते दोन्ही मागून आणले आणि आठ दिवस घासून त्यांच्यावरचा शेंदरी रंग काढला.

चौऱ्याहत्तर सालापर्यंत असे एकोणीस कप जमले. हमरापूरच्याच एका सुताराकडून काचेच्या दारांचं फडताळ करून घेऊन ते तिनं माजघरात मांडले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि तिनं कुणाचं वाकडं केलं नव्हतं.

त्या साली शेजारचा काळुराम छातीत कळ येऊन गेला. मयताच्या घरात चूल पेटत नाही, आलेल्या माणसांना चहा शेजाऱ्यांनी करून द्यायचा ही तिकडची रीत. काळुरामाची सोयरीक मोठी, साठेक माणसं अंगणात बसलेली. पलीकडच्या रंभानं टोपभर चहा करून आणला आणि कप शोधायला लागली, तर त्या घरात मिळाले दोन पितळी पेले आणि तीन थोटके कप. पुतळी म्हणाली, "थांब गो." घरी गेली, टोपलीत एकोणीस कप घालून घेऊन आली.

दुःखाच्या अंगणात पहिल्यांदाच एकसारखे कप फिरले. रोह्याकडचा कुणी पाहुणा कप उलटा करून बघत म्हणाला, "एवढे एका छापाचे? कुणाचे म्हणायचे?" लोकांनी पुतळीकडं बोट दाखवलं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दारात माणूस मेलेलं असताना असं वाटू नये. पण वाटलं, आणि आपल्याला वाटलं हे तिलाही कळलं.

पंधरा दिवसांनी काळुरामाची बायको काशीबाई पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आली. ट्रंकेच्या तळाशी दोन खंड्याचे कप निघाले होते. "घे, तुझ्यात मिसळ," ती म्हणाली, "मना आता कोन पावना येतो." पुतळीनं ते घेतले, रिठ्याच्या पाण्यानं धुतले आणि फडताळात मांडले. एकोणिसाचे एकवीस झाले.

मग हे वळणच पडलं. पहिल्यांदा गावात कुणी गेलं की, मग आजूबाजूच्या पाच गावांत कुणीही गेलं की, माणूस पुतळीच्या अंगणात येऊन उभा राहायचा. खांद्यावर पंचा, पाय उघडे, वहाणा नाहीत. हाक मारायचा नाही. पुतळी त्याला बघायची, फडताळ उघडायची, टोपलीत पेंढा घालून कप भरायची आणि त्याच्या मागून चालायला लागायची. वाटेत भेटलेला माणूस बाजूला होऊन हात जोडायचा. कप घेऊन निघालेल्या बाईला 'कुठं?' म्हणून विचारायचं नाही, असं कुणी ठरवलं कोण जाणे, पण ठरलं. आणि घरी जाताना रिकामं कुणी पाठवायचं नाही. म्हाताऱ्या बाया गेल्या की त्यांच्या गाठोड्यातून, माळ्यावरून एखाददुसरा खंड्या निघायचा, तो पुतळीच्या टोपलीत पडायचा. मीठ विकून दहा वर्षांत जेवढे मिळाले नाहीत तेवढे मयतं करून तिला पाच वर्षांत मिळाले.

वाईट वाटायचं का तिला? वाटायचं. रडणाऱ्या बाईच्या गळ्यात पडून ती खरोखर रडायची. पण रडता रडता तिची नजर एकदा फळीवरून फिरून यायचीच. खोटं कशाला बोला.

पुंडलिक तेव्हा थट्टा करायचा. स्टीलच्या पेल्यातून चहा पीत म्हणायचा, "आपल्या घरात फडताळ नाय, मसनवटा हाय. यो काळुराम, यो जनू, ही धोंडुबाय." पुतळी हसायची. खरं म्हणजे त्याचं चुकत नव्हतं. कुठला कप कुठल्या घरून आला हे तिला टवक्यावरून सांगता यायचं.

शहाऐंशी साली रेल्वे रोह्यापर्यंत गेली. त्याच वर्षी रंभाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पुतळी आपण होऊन गेली. म्हणाली, "कप भाड्यानं नको आनू. माझे ने."

रंभा पापड लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "नको गो बाय," ती म्हणाली.

"का? फोडतील म्हनून?"

"फोडतील म्हनून नाय." रंभा वर बघेना. "शुभाचं काम हाय, पुतळे. तुझं ते सुतकाचे कप. मानसं त्वांडाला लावायची नायत."

सुतकाचे कप! एवढ्या वर्षांत हे नाव तिच्या कानावर पहिल्यांदा आलं. गावात ते लहान पोरासोराला ठाऊक होतं. पुतळी घरी आली आणि फडताळासमोर बसून राहिली. अरे, ज्यांच्या घरी मी उन्हातान्हात टोपली डोक्यावर घेऊन धावले, त्यांनीच नाव ठेवलं! तिला राग आला आणि रडूही आलं. पण गावाचं तोंड कोण धरणार?

त्याहून वाईट पुढं होतं. तिनं एकदा दिवाळीच्या तोंडावर फडताळ रिकामं करून सगळे कप धुतले आणि अंगणात फळीवर उन्हाला मांडले. घराची साफसफाई, दुसरं काही नाही. समोरच्या ओट्यावर दिनानाथ बसला होता. सत्तरीचा माणूस, चार दिवस तापानं आजारी, जरा बरं वाटलं म्हणून बाहेर आलेला. त्यानं कप मांडलेले बघितले. हाक मारून म्हणाला, "पुतळे, कोन गेलं गो?"

"कोन नाय, नाना. धुतलंय नुसतं."

तो बराच वेळ त्या कपांकडं बघत राहिला, मग भिंतीला धरून आत गेला आणि संध्याकाळी मेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण हे गावाला कोण सांगणार? पुतळीनं कप धुतले आणि दिनानाथ गेला, एवढंच पेणपर्यंत पोचलं. तिच्या अंगणात कुणी नुसतं शिंकलं तरी शेजारणी फडताळाकडं बघायच्या. मयताला मात्र कप हवेच होते. उलट आता ते नसतील तर मेलेल्याचा मान राहत नाही असं झालं. माणसाच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

आणि मग एक्क्याण्णव साली पुंडलिक पडला.

आधी पायांना सूज आली, मग चार पावलं चालला की धाप. पेणच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलंय म्हणाले. सकाळ-संध्याकाळ गोळी, पूर्ण आराम आणि मीठ बंद. मिठात जन्म गेलेल्या माणसाला मीठ बंद! पण डॉक्टर असंही म्हणाले, की गोळी चुकवली नाही आणि जिवाला घोर लावून घेतला नाही, तर काही वर्षं सहज काढेल. पुतळीनं ते शब्द गाठीला बांधले. आतल्या खोलीत चुलीचा धूर जायचा, म्हणून तिनं त्याची खाट माजघरात, खिडकीपाशी टाकली. खाटेच्या बरोबर समोर फडताळ आलं.

आठवडाभर तो फडताळाकडं बघत पडून होता. मग एका दुपारी म्हणाला, "पुतळे, ते कप घरातनं काढ."

"का वो?"

"यो पक्षी वाट बघतोय."

"वाट कसली बघतोय! पान्यात बघतोय तो."

"पान्यात बघतोय म्हनून तुला वाटतं. मी जल्मभर बांधावर बघितलाय त्याला. मासा वर येईपरेंत हलत नाय. एक नाय, बेचाळीस बसल्यात समोर."

तिनं फडताळावर जुन्या लुगड्याचा पडदा टाकला. तो म्हणाला, झाकल्यानं काय होतं, मागं काय हाय ते मना ठाव हाय. त्याची झोप उडाली. जेवण उतरेना. अंगणात कुणाचं पाऊल वाजलं की आधी पाय उघडे आहेत का ते बघायचा. कुणी खांद्यावर पंचा टाकून सहज तंबाखू मागायला आलं, तर याला दरदरून घाम फुटायचा. पुतळीला दिसत होतं. जो माणूस तिला तीस वर्षांत एक कडू शब्द बोलला नाही, तो डोळ्यांदेखत विझत होता, आणि दुखण्यानं नाही, तिच्या कपांनी. कप घरातून गेले तर माणूस राहील, एवढं साधं होतं ते.

पण काढायचे कुठं? बोहारीण आली, तिला कप दाखवले, तर ती गाठोडं उचलून चालायला लागली. पुढची तीन घरंसुद्धा तिनं टाकली. काशीबाई म्हणाली, आमच्यातलं माणूस जाऊन झालं बाय, परत कशाला? रंभा म्हणाली, "खाडीत दे सोडून." आता खाडीत सोडायचे म्हणजे फुटणार. प्रेतामागं मडकं फोडतात, आणि आजारी माणसाच्या घरातून आपल्या हातानं खापर फोडायचं? पुतळीचा हात धजेना. ठेवता येईना, देता येईना, फोडता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

शेवटी तिला धाकटी बहीण आठवली. विमल रोह्याला दिली होती, भातशेतीवाल्या घरात. तिच्या मुलाच्या बारशाला पुतळीनं आपल्यातलेच सहा बिनटवक्याचे कप मोठ्या मनानं दिले होते. रोहा लांब, तिथं कुणाला काय ठाऊक? विमल ठेवून घेईल.

"उद्या रोह्याला नेऊन देते," तिनं पुंडलिकला सांगितलं. "सगळे. एकबी ठेवीत नाय."

त्यानं तिचा हात धरला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री तो पोटभर जेवला.

सकाळच्या गाडीला ती निघाली. रंभाला म्हणाली, "माझ्या मानसाकडं बघ, दुपारपरेंत येते." टोपली डोक्यावर घेतली. बांधाच्या वळणावर मिठागरात निघालेला गुणाजी समोरून आला. त्यानं टोपली बघितली, पेंढ्यातून डोकावणारा कपाचा कान बघितला, आणि रीतीप्रमाणं बाजूला होऊन हात जोडले. विचारलं काही नाही. पुतळीनंही सांगितलं नाही. तिचं सगळं लक्ष गाडीकडं. एक शब्द बोलली असती तर! पण नाही बोलली.

रोह्याला विमल ओटीवर डाळ निवडत होती. टोपलीतला पेंढा बाजूला केल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. "बाय, हे इथं कशाला आनलंस?"

पुतळीनं सगळं सांगितलं. विमल ऐकत राहिली, मग उठून आत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आली. "माझा सासरा गेला ना, तेव्हा दुखवट्याला पेणकडचा मानूस आला होता. त्यानं फळीवरचे कप ओळखले. सासूबाईंनी तवाच माळ्यावर टाकायला लावले. मी तुला सांगितलं नाय, तुला वाईट वाटंल म्हनून." तिनं बोचकं टोपलीत ठेवलं. "माझेबी ने. चहा पी हवं तर, पन हे ने बाय, पाया पडते तुझ्या."

पुतळी परत निघाली. देऊन यायला गेली ती घेऊन आली.

आता जे सांगायचं ते सांगायला मलाही जड जातंय. गाडी सुटली. पुतळीनं टोपली पायाशी घेतली आणि सहज म्हणून विमलचं बोचकं सोडलं. सहाच्या सहा कप नवेकोरे. सोनेरी रेघ जशीच्या तशी, एकाला टवका नाही. इतकी वर्षं माळ्यावर पडून होते, वापरले कुणी होते? बेचाळीस आणि सहा अठ्ठेचाळीस. पुरे चार डझन! तिनं एक कप मांडीवर घेऊन पदरानं पुसला. मग दुसरा. समोर बसलेली कुणी अनोळखी बाई म्हणाली, "काय सुंदर आहेत हो! घरी लग्न आहे का?"

एवढ्या वर्षांत त्या कपांचं लग्नाशी नाव कुणी जोडलं नव्हतं. पुतळीच्या तोंडातून आलं, "व्हय. लग्नच हाय." मग ती त्या बाईला सांगत बसली, कुठला कप कुठून मिळवला, दुकानदाराला काय बोलली, हमरापूरचा रंग कसा काढला. दोघी हसल्या. नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण गेलं. एवढ्या वेळात तिला पुंडलिकची एकदाही आठवण झाली नाही. जित्याला गाडी थांबली तेव्हा झाली, आणि मग तिला चालताना आपल्याच पायांची लाज वाटायला लागली.

गावात शिरली तर वाट सुनसान. आपल्या आळीत वळली, तर अंगण माणसांनी भरलं होतं. मिठागरातली सगळी, शिवाय पलीकडच्या गावातली. टोप्या, पंचे, उघडे पाय. कुणाच्या हातात साखरेची पुडी, कुणाच्या चहापत्तीची.

टोपली तशीच खाली टेकवून ती धावली. दारातच रंभानं तिला धरलं. "हाय गो, हाय! जिता हाय तो."

"मग ही मानसं?"

रंभानं गुणाजीकडं बघितलं. गुणाजीनं मान खाली घातली. सकाळी कप निघालेले त्यानं पाहिले. गावात दुसरं कुणी गेलं नव्हतं, आजारी पुंडलिकच होता. तिच्याच घरात सुतक आलं, म्हणून बाई कप दुसऱ्याच्या चुलीवर नेऊन ठेवतेय, असं त्यानं धरलं आणि मिठागरात सांगितलं. तिथून पाच गावांत गेलं. माणसं येऊन बघतात तर माणूस जिवंत. रंभा ओरडली, भांडली. पण मयताच्या दारात आलेला माणूस न बसता परत फिरला तर ते मरण त्याच्या घरी जातं म्हणतात. म्हणून सगळे बसले. 'बघायला आलो' असं म्हणाले आणि हातातल्या पुड्या लपवायला लागले. रंभानं दार लोटून घेतलं होतं, पण खाटेशी खिडकी होती. ती लावायचं तिला सुचलं नाही.

पुतळी आत गेली. पुंडलिक उशीला टेकून बसला होता आणि खिडकीतून बाहेर बघत होता. सकाळपासून तो तेच करत होता. घाम नव्हता, धापही नव्हती. तिला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठेवून आलीस?" त्यानं विचारलं.

मागून रंभानं टोपली आणून उंबऱ्याशी ठेवली. खोटं बोलायला जागा उरली नाही. "विमलनं घेतले नायत वो."

"टोपली जड दिसते."

"तिचेबी सा दिलेन तिनं."

"मंग आता किती झाले?"

"अठ्ठेचाळीस."

तो परत बाहेर बघायला लागला. त्याचे ओठ हलत होते. ओळीनं बसलेल्या माणसांवरून त्याची नजर सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. "एकेचाळीस मानसं हायत," तो म्हणाला. "हमरापूरची अजून यायची." मग तिच्याकडं वळून, कामाचं काहीतरी विचारावं तसं साध्या आवाजात त्यानं विचारलं, "पुरतील गो?"

आणि पुतळीचा हिशोब तिच्या मनाच्या आधी झाला. सतरा वर्षं परक्यांच्या अंगणात उभं राहून माणसं मोजलेली बाई ती. हमरापूरची पाच-सहाच येणार, हे तिच्या डोक्यात कधी येऊन गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"पुरतील," ती म्हणाली.

म्हणाली, आणि मग तिनं ते ऐकलं. तिनं तोंडावर हात दाबला, त्याच्या पायांवर डोकं घातलं. तसं नाय वो, तसं नाय, म्हणत राहिली. त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं झालं," म्हणाला. "तुझी धावपळ वाचली." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखर एक काम उरकल्यासारखा तो बोलला आणि भिंतीकडं कूस वळवून पडून राहिला.

अंगणातली माणसं एकेक करून उठली. कुणी चहा मागितला नाही, कुणी दिला नाही. साखरेच्या पुड्या ओट्यावर ठेवून गेली.

दिवेलागणीला पुतळीनं गोळी आणि पाण्याचा पेला नेला. "घ्या वो."

"आता कशाला? मानसं येऊन गेली."

तिनं हात जोडले, शपथा घातल्या, मुलासारखं त्याचं तोंड कुरवाळलं. आत्ताच्या आत्ता सगळे कप बांधावर नेऊन फोडते, होऊ दे काय व्हायचं ते, म्हणाली. पुंडलिकनं ओठ मिटून घेतले ते उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ती तळहातावर गोळी घेऊन खाटेशी बसून राहायची, घामानं ती विरघळून हाताला लागायची, मग ती दुसरी काढायची. चौथ्या दिवशी सकाळी तिनं अशीच गोळी पुढं केली, तेव्हा तो गेलेला होता.